वधूपक्षाचा कवी

तिसऱ्या प्रश्नालाच पोलिकार्पोला संशय आला.

वधूपक्षाचा कवी मानो लोपे याने नुकतंच चांगलं चालीवर विचारलं होतं, तुमच्या मुलाला माडावर चढता येतं का? आता सामार बेटापासून मसबाते बेटापर्यंत माडावर चढता न येणारा पुरुष पाळण्यात सापडला तरच. वरपक्षाचा कवी पेशाने न्हावी होता. त्याने दोन ओळींत उत्तर दिलं. दुसरी ओळ लंगडत आली, तरी लोपेने ‘वा’ म्हणून माडीचा पेला उचलला. आधीचे दोन प्रश्नही तसलेच. पोराला पोहता येतं का, आणि रविवारी चर्चला जातो का.

मागणी घालायला आलेल्या माणसांना तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. ते काम कवी करतो. तो पद्यात असं काही विचारतो की समोरच्या कवीची बोलती बंद होते. मग पाहुणे आपलं भाजलेलं डुक्कर उचलून हसत परत जातात, आणि कुणाचा अपमान होत नाही. लोपे त्यातला वस्ताद. गेल्या वर्षी त्याने एका वरपक्षाला विचारलं होतं, वारा कुणाच्या घरी झोपतो? ते लोक अजून विचार करताहेत. म्हणून तर पोलिकार्पोने त्यालाच गाठलं. एकुलती एक मुलगी लुदिविना, तिला समुद्रापलीकडे द्यायची नाही, इतकं सरळ सांगितलं होतं. लोपे ‘बघतो’ म्हणाला होता. ते ‘बघतो’ आता पोलिकार्पोला आठवलं.

म्हाताऱ्याला कुणीतरी फितवलंय, दुसरं काय!

त्याने पाहुण्यांकडे निरखून पाहिलं. मुलाचा बाप उगाच गोड हसत होता. त्यांनी आणलेली माडी सगळ्यांत आधी लोपेच्याच पेल्यात का पडली? मग त्याची नजर बायकोवर गेली. गौदेन्सिया सकाळपासून त्याच्याकडे बघायचं टाळत होती. आणि जे पाहुणे परत जाणार, त्यांच्यासाठी एवढा भात शिजवायचं कारण काय? तो लुदिविनाकडे वळला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तोंडाला पावडर लावून. नकार ऐकायला कुणी पावडर लावतं का? आपल्याच घरात आपण एकटे पडलोय असं त्याला वाटलं, आणि भयंकर राग आला.

माडी ओतायच्या निमित्ताने तो लोपेजवळ वाकला.

“मानो, काय चालवलंय हे? बारशाला आलाय का?”

“विचारतोय ना,” लोपे म्हणाला. “बस जागेवर.”

चौथा प्रश्न आला. मुलगी आजारी पडली तर तिला कोण भरवील? न्हाव्याची कळी खुलली. त्याने पद्यातच नवऱ्याच्या हातात चमचा दिला, सासूच्या हातात वाटी दिली, सासऱ्याला कोंबडीमागे पळवलं. सगळे हसले. मुलाचा बाप तर डोळे पुसायला लागला.

पोलिकार्पोचं डोकंच फिरलं. मुलीच्या बापाने त्या दिवशी तोंड उघडायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तरी तो उठून उभा राहिला. जन्मात कधी ओळ रचली नव्हती. जशी आली तशी म्हणाला,

“सकाळी निघाली बोट, दुपारी लागते तिकडच्या काठाला;
मी रात्री खोकलो तर कोण येईल पाणी घेऊन उशाला?”

हसणं थांबलं. न्हाव्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याने नवऱ्या मुलाकडे पाहिलं. मुलगा जमिनीच्या बांबूकडे पाहत होता. मुलाच्या आईने भाजलेल्या डुकरावर हळूच पान सारखं केलं, न्यायच्या तयारीने.

पोलिकार्पोला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता लोपेने समारोपाचं कडवं म्हणायचं, की झालं. तो ऐटीत लोपेकडे वळला. लुदिविनाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

लोपेने पेला खाली ठेवला. कडवं म्हटलं नाही. साध्या बोलीतच म्हणाला,

“छान विचारलंस, कार्पो. आमच्या पास्तोराला मागणी आली तेव्हा मीही असंच विचारलं होतं. याहून अवघड. लोक अजून ते कडवं म्हणून दाखवतात.”

पास्तोरा तिथेच, लुदिविनाच्या मागे, केळीच्या पानांवर भात वाढत होती. पन्नाशी उलटलेली बाई, अजून बापाच्याच घरी. गावातल्या प्रत्येक मागणीला ती वाढायला येते. तिचं नाव निघालं तरी तिने मान वर केली नाही. पुढचं पान ओढून घेतलं.

पोलिकार्पोने विचारलं, “म्हणजे तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं की. तूच,” लोपे म्हणाला. “मी ऐकलं नाही.”

मग पोलिकार्पोने लुदिविनाकडे पाहिलं. पावडर गालांवर ओघळली होती. ती काही मागत नव्हती, भांडतही नव्हती, नुसती बापाकडे बघत होती. त्याला वाटलं, म्हटलेली ती ओळ परत गिळता आली असती तर बरं झालं असतं.

प्रश्न विचारणाऱ्याला हवं तर त्याचं उत्तरही स्वतःच देता येतं. रीत आड येत नाही. कुणी देत नाही, एवढंच.

“मी...” पोलिकार्पो म्हणाला. घसा खाकरला. “मी पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने खोकीन.”

यमक जुळत नव्हतं. तरी लोपेने ‘वा’ म्हटलं.