चिकाची पैज

बायको वारल्यापासून दोन महिने कडूबांनी बाज सोडली नव्हती. एक दिवस सून तनुजा म्हणाली, "आबा, तुमच्याच्यानं आता काय व्हायचं नाय. पपईची बाग मला देऊन टाका."

"तुला? अगं, पपईला चिरा तरी मारता येतात का?"

"मग लावा पैज. अर्धी झाडं तुमची, अर्धी माझी. आठ दिवसांत ज्याचा चीक जास्त, त्याची बाग."

कच्च्या पपईला ब्लेडनं चिरा मारायच्या, टपकणारा चीक गोळा करायचा आणि औषधवाल्यांना विकायचा, हे बिडकीनच्या त्या घराचं जुनं काम. कडूबा दुसऱ्या दिवशी पहाटेच बागेत हजर. तनुजा उगवायची आठला, ऊन चढल्यावर. आठव्या दिवशी कडूबांचा चीक दुप्पट भरला.

"पोरी, चीक गारव्यात वाहतो, उन्हात जागीच सुकतो," ते खुशीत म्हणाले. "अन् चीर वरवर द्यायची, खोल नाय. सासूकडून एवढं तरी शिकायचं व्हतंस."

तनुजा हसली आणि चहा ठेवायला आत गेली. कडूबांच्या मुलाला, शिवराजला मात्र राहवलं नाही.

"आबा, आईनं तिला समदं शिकवलंय. ती पाचलाच उठती. तुमच्या चपला वाजल्या, की परत झोपती."

दुसऱ्या दिवशी पहाटे बागेकडे निघताना कडूबा सुनेच्या खिडकीपाशी थांबले आणि चपला चांगल्या दोनदा आपटून मगच पुढं गेले.