ओळखीचा रस्ता

"दाजी, तुमचा ड्रायव्हर नजर चोरतो," मधुकर म्हणाला.

मधुकर नामदेव मढवीचा मेव्हणा. नामदेवच्याही ते ध्यानात आलं होतं. धर्मराज बोलायचा तो समोरच्याच्या खांद्यावरून, पलीकडे कुठेतरी बघत. एकदा नामदेवने त्याच्यापुढे विडी धरली, तर त्याने हातच पुढे केला नाही. शेवटी त्याच्या बायकोने, भागीरथीने ती घेतली.

"माज हाय त्याला. पलटनीतला मानूस," नामदेव तेव्हा मनात म्हणाला होता.

नामदेव पावणे गावचा. त्याची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली. मग त्याने लष्कराच्या लिलावातून एक जुना मालट्रक घेतला. बोजड, गडद हिरवा, ताडपत्रीच्या छपराचा. त्याच्यावर घर चालणार होतं. पण तो ट्रक कुणाच्या हाताला लागेना. दोनदा क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नसे, आणि स्टिअरिंग फिरवताना दंड भरून यायचे. आलेले दोन्ही ड्रायव्हर पळून गेले.

तेवढ्यात धर्मराज आला. साताऱ्याकडचा, सैन्यात असलेच ट्रक चालवून निवृत्त झालेला. बॉनेटवर हात ठेवून तो ट्रकभोवती फिरला, चाकं चाचपली, हौद्याच्या कडेचे फाळके चाचपले.

"वळखीची हाय," एवढंच म्हणाला.

तेव्हापासून पावण्याच्या कारखान्यातले ॲसिडचे ड्रम तो खाडीपुलावरून चेंबूरला पोचवत होता. एक ड्रम कधी कलंडला नाही. कारखान्याचा मॅनेजर खूश होता.

पण बाकीचं जुळत नव्हतं. दुसऱ्या गाड्या जाऊन परत यायच्या, तेव्हा हा अजून वाटेतच असायचा. दिवस कलला की चावी खाली ठेवायचा. भिवंडीचं दुप्पट भाडं आलं, तर सरळ नाही म्हणाला. "मालक, हा सोडून दुसरा रस्ता नगं."

आणि भागीरथी. ती रोज शेजारी बसलेली. गाडी मागे घ्यायची असली की क्लीनरसारखी खाली उतरून हौद्यावर थापा मारायची.

"घरवालीला कशाला फिरवतोस?" नामदेवने विचारलं होतं.

"घरी एकली काय करंल ती?"

"ह्याच रस्त्यावर ह्याचं गिऱ्हाईक असनार," मधुकर म्हणाला. "ड्रमातून थोडं थोडं काढून वर पानी भरत असंल. बाई नजर ठेवायला. कारखान्याला कळलं तर तुमाला आत टाकतील, त्याला नाय."

 नामदेवचं शेत गेलं होतंच. आता अब्रूही जाणार.

संध्याकाळी त्याने धर्मराजला गाठलं. "उद्यापासून मधुकर क्लीनर म्हनून येल. बाईला घरी ठेव."

धर्मराजचा चेहरा उतरला. भागीरथी पुढे झाली. "मालक, काय चुकलं का आमचं?"

"चुकलं नाय. पन क्लीनर पायजे."

"मग मी गाडी सोडतो," धर्मराज म्हणाला. तेही नामदेवच्या खांद्यावरून पलीकडे बघत. "उद्याची खेप भरल्याली हाय, तेवढी पोचवतो."

नामदेवची खात्रीच पटली. चोर नसता तर क्लीनरला कशाला भ्याला असता?

मधुकरला न पाठवता सकाळी उजाडता उजाडता तो स्वतःच हौद्यात चढला आणि केबिनला लागून असलेल्या ड्रमांमागे दडून बसला. हाताशी लोखंडी पहार होती. थोड्या वेळाने दोघं आली. दारं लागली. इंजिन घुरघुरलं, ट्रक हलला.

ॲसिडच्या वासाने नामदेवचे डोळे चुरचुरत होते. ट्रक संथ चालला होता. केबिनमधून भागीरथीचा आवाज सारखा येत होता, पण शब्द कळत नव्हते. एवढं काय बोलत असेल ही?

तुर्भ्याच्या नाक्याजवळ ट्रक थांबला.

हीच जागा! नामदेवने पहार घट्ट धरली. आता फाळका पडेल, आता कुणीतरी वर चढेल. पण कुणी आलं नाही. दारसुद्धा उघडलं नाही. तो गुडघ्यांवर सरकत पुढे गेला आणि केबिनच्या मागच्या जाळीच्या खिडकीला कान लावला.

"थांबा," भागीरथी म्हणत होती. "टँकर जातुया. अजून थांबा... आता चला. उजवं घ्या, अजून, अजून. बास. सरळ."

ट्रक नाक्यावरून अलगद वळला.

नामदेवने आत डोकावलं. भागीरथी काचेला नाक लावून पुढे बघत होती. तिचा एक हात नवऱ्याच्या गुडघ्यावर होता. धर्मराज ताठ बसला होता. समोरच्या आरशात त्याचा चेहरा दिसत होता. बाहेरच्या आरशावरून उलटलेलं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर आलं होतं, आणि त्याची पापणीसुद्धा लवत नव्हती.

"शेवटची खेप," तो म्हणाला. "ह्यानंतर काय करायचं गं?"

"ते मागनं बघू. डावीकडं सायकलवाला हाय. वाईच उजवं. हां."

नामदेवने ओरडायला तोंड उघडलं. खिडकीवर मारायला मूठ उचलली. चाकांखालचा आवाज बदलला. ट्रक पुलावर चढला होता. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, आणि त्याच्या पाठीशी ॲसिडचे ड्रम.

त्याची मूठ तशीच हवेत राहिली. आता धर्मराज दचकून चालणार नव्हतं.

"अवं, म्होरं आपला हवालदार हुबा हाय," भागीरथी म्हणाली. "हसून हात करतोय. तुमीबी करा."

धर्मराज छान हसला. उजवा हात खिडकीबाहेर काढून त्याने खाडीच्या दिशेने मोकळ्या हवेला सलाम ठोकला.

"तिकडं न्हाई वो," ती हळूच म्हणाली, "माझ्या बाजूला."