घाबरवायचं नाही

निवृत्त झाल्यावर आमचे शेजारी रशादसाहेब फुलं आणि किडे कॅमेऱ्यात अगदी जवळून टिपायला शिकू लागले. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आवाज चढवायचा नाही, अंगावर धावून जायचं नाही. मधमाशी घाबरली की संपलं."

चहात पुदिना कमी पडला तरी बायकोवर अख्ख्या नाबुल गावाला ऐकू जाईल असं ओरडणारे हे गृहस्थ आता अंगणातल्या नारंगीच्या झाडाखाली गुडघे टेकून पुटपुटायचे, "बस गं राणी, सावकाश. तुला हवा तेवढा वेळ घे. मी आहे इथंच."

झोहराबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत राहायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "अहो, माझ्याशी असं कधी बोलाल का?"

"तुझा फोटो काढायचाय का मला?" साहेब खेकसले. माशी उडाली. त्याचा दोषही झोहराबाईंच्याच पदरात पडला.

वसंतोत्सवात त्यांच्या मधमाशीच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. डोळ्याभोवतीची लव न् लव दिसत होती. कुणीतरी विचारलं, "साहेब, एवढं कसं जमतं?"

"संयम लागतो," रशादसाहेब मंचावरून हळुवारपणे म्हणाले. "आणि गोड बोलावं लागतं. घाबरवलं नाही, तर कुणीही आपल्याजवळ थांबतं."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी अभिमानाने पहिल्या रांगेकडे पाहिलं. बायकोसाठी राखलेली खुर्ची रिकामी होती.

 

झोहराबाई तेव्हा सूसला जाणाऱ्या गाडीत बसल्या होत्या, बहिणीकडे राहायला, कायमच्या.