चहाची चाचणी

गॅसची ज्योत आणि इंदूमावशींचा खांद्यावरून घसरलेला पदर यांत वीतभरच अंतर उरलं होतं.

रुग्णालयातल्या सरावाच्या ओट्यापाशी त्या चहा करत होत्या. अर्धांगवायूनंतर डावा हात लुळा पडलेला. आज चहा जमला नाही, तर मुलगा त्यांचं एकटीचं बिऱ्हाड मोडून त्यांना घेऊन जाणार होता.

“थांबव,” मागे उभे असलेले विभागप्रमुख सर थेरपिस्ट मृण्मयीला म्हणाले. त्यांच्या संशोधनाचा नियमच होता: धोका दिसला की चाचणी बंद, पेशंट नापास.

मृण्मयीने गॅसचं बटण धरलं. फिरवायचं तेवढं बाकी होतं. पण मावशींना पदर दिसला होता. उजव्या हातात सांडशीने उचललेलं, उतू जाणारं पातेलं. डावा खांदा किंचित हलला.

“अगं, बंद कर!”

“सर, एक क्षण.”

डावा हात थरथरत वर आला. चाचणीच्या लाकडी खुंट्या उचलायला सांगितलं की हाच हात मांडीवरून हलत नसे. आता त्याने पदर चाचपला, मुठीत धरला, कमरेला खोचला.

मावशींनी पातेलं ओट्यावर ठेवलं.

“सोड गं ते बटण, मला गॅस बंद करायचाय,” त्या मृण्मयीला म्हणाल्या. “तुझाच हात कापतोय.”