लिफ्टबाहेरच्या चपला

मच्छिंद्र वाचत होता आणि लोक हसत होते.

"आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशी चपलांचा एक जोड कायम असतो. तो माझ्या वडिलांचा. चपला तळमजल्यावर, वडील पाचव्या मजल्यावर. सारसबागेच्या गणपतीसमोरही कोणी इतक्या भक्तिभावाने उभं राहत नसेल, जितके आमचे वडील लिफ्टमध्ये उभे असतात. परवा एक विक्रेता आला. त्याने तो जोड पाहिला, मुकाट्याने आपले बूट काढले आणि वॉचमनला विचारलं, 'दर्शन किती वाजेपर्यंत चालू असतं?'"

सदाशिव पेठेतल्या त्या शिकवणीच्या खोलीत हशा उसळला. कोणीतरी बाक बडवला. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत, सोनबा बसले होते. धुतलेलं धोतर, कडक टोपी, दोन्ही हात गुडघ्यांवर. लोक हसले की ते आधी मागे वळून बघत, मग स्वतः हसत. सगळ्यांच्या थोडं मागून, पण मनापासून.

वडिलांना आणावं लागलं होतं. अनंतराव आणि श्यामलाबाई, दोघंही विनोद लिहून लिहून म्हातारे झालेले. दर रविवारी ते इथे नवशिक्यांना विनोदी लेखन शिकवत, आणि त्यांच्या बैठकीचा एक दंडक होता. ज्याच्यावर लेख, तो समोर बसलेला हवा. "माणूस नसताना वाचलं तर ती चहाडी होते," असं अनंतराव म्हणत. श्यामलाबाई पुस्ती जोडत, "आमचे यजमान जन्मभर पहिल्या रांगेत बसले. कान गेले, तेव्हा कुठे सुटले बिचारे."

जो लेख या परीक्षेत उतरेल, त्याची शिफारस दिवाळी अंकाकडे जायची. मच्छिंद्रला ती हवीच होती. खडकवासल्याच्या वाटेवरचं त्याचं गाव शहराच्या हद्दीत येऊन चार-पाच वर्षं झाली होती. पण कचेरीत अजून त्याला 'गावाकडचे' म्हणत. दिवाळी अंकात नाव छापून आलं, की म्हणणार नव्हते.

"आणि वीज गेली," तो शेवटाकडे आला, "की वडील चपला घालून खुशाल जिन्याने चढतात. जिन्याला देवत्व नाही. आमच्याकडचा देव विजेवर चालतो!"

टाळ्या थांबेनात. श्यामलाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. अनंतराव मात्र सोनबांकडे बघत होते.

"सोनबाराव, आपण सांगा. कसा वाटला लेख?"

सोनबा गडबडीने उभे राहिले. "ब्येस हाय की. लई हासलो. घरी न्हाई बोलत एवढं, पर लिवतंय झ्याक."

"राग नाही आला?"

"राग कशाचा? खोटं कुठं हाय त्यात? काढतोच मी पायतान." ते थांबले. मग काहीतरी राहून गेल्यासारखं म्हणाले, "आता गुर्जी, जिथं ती लिफ्ट हाय ना, तिथं आमचं खळं व्हतं. आमच्याच रानात उठलीया ती बिल्डिंग. खळ्यात ज्वारीची रास पडायची. तिथं कुनी पायतान घालून जातं व्हय? आता खळं न्हाई, ठावं हाय मला. पर पाऊलच उचलत न्हाई. जिना पडला बांधावर. बांधावर चालतंय."

खोलीत कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरच्या एकाने उगाच घसा खाकरला. मच्छिंद्रने हातातले कागद उलटे धरले होते, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

अनंतरावांनी त्याच्याकडे मान वळवली. आवाज चढला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नसे. "मच्छिंद्र, हे लेखात का नाही?"

मच्छिंद्रने तोंड उघडलं. पण सोनबाच मध्ये बोलले.

"त्याला कुठनं ठावं असनार, गुर्जी? बारकं व्हतं तवा. मी बी कधी सांगितलं न्हाई."

सगळे मच्छिंद्रकडे बघत होते. त्याला फक्त एक शब्द बोलायचा होता. त्याने मान खाली घातली आणि वडिलांच्या म्हणण्याला दुजोरा दिल्यासारखी हलवली. हो.

"मग तुमचा दोष नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. "आता कळलंय ना? घाला ते लेखात."

"घाला," अनंतराव म्हणाले. "पुढच्या रविवारी पुन्हा वाचा. आता हा लेख झाला. दिवाळीला जाईल, शिफारस मी देतो."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. या वेळच्या टाळ्या सोनबांसाठी होत्या. सोनबांनी सगळ्यांना हात जोडले.

खाली रस्त्यावर मच्छिंद्र स्कूटरपाशी उभा राहिला. किल्ली हातात होती, पण ती कुठे लावायची ते त्याला सुचत नव्हतं. सोनबा शेजारी येऊन उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कानावर जाऊ नये, अशा बेताने हळू बोलले.

"तू खरं बोलनार व्हतास. म्हनून मीच आधी बोललो. चार लोकांत कशाला?"

"आबा..."

"त्या खळ्यातली शेवटची रास तूच भरलीस की. अनवानी. मी बांधावर बसून बघत व्हतो." सोनबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नवीन काही शिकलेल्या माणसाचं कुतूहल होतं. "पर मी म्हनतो, ते आधीच घातलं असतंस, तर कुनी हासलं नसतं. व्हय ना?"