वेणूचा नवरा

सुलट.

"'शुक्रवारपर्यंत कळवा,' हेडमास्तर वेणूला म्हणाले," सावित्रीबाईंनी वाचलं, आणि प्रियदर्शिनीच्या सुया थांबल्या.

हेच शब्द. नारायणगुड्याच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी परवा तिला हेच ऐकवलं होतं. कायमची नोकरी आहे, शुक्रवारपर्यंत कळवा. घरी येऊन तिनंच ते सासूबाईंना सांगितलं होतं. आणि ही कादंबरी तर रंगूनला बोटी जायच्या त्या काळातली.

"टाका सुटला का गं?" सावित्रीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"नाही. वाचा तुम्ही."

उलट.

प्रियदर्शिनी काचीगुड्यात वाढलेली. तेलुगू पाट्या ती धावत्या बसमधून वाचायची. मराठी बोलायची घडाघडा, पण वाचायची म्हणजे प्रत्येक जोडाक्षराला ठेच. म्हणून तिचा नवरा मंदार शिकागोला गेल्यावर घरात हा रिवाज पडला. दुपारी सासूबाईंनी वाचनालयातली कादंबरी मोठ्यानं वाचायची, सुनेनं ऐकत ऐकत मंदारचा स्वेटर विणायचा. डोळे एकीचे, हात दुसरीचे.

मंदार तिकडच्या कॉम्प्युटरना सन दोन हजारसाठी तयार करत होता. व्हिसा झाला की तीही जाणार होती. व्हिसा दर महिन्याला पुढच्या महिन्यात होत होता. सुलतान बाजारातला लोकरवाला आता काही विचारायचाही नाही. "अमेरिका ना, अम्मा?" म्हणून जाडातली लोकर पुढे टाकायचा.

सुलट.

कादंबरीतल्या वेणूचा नवराही असाच दूर गेलेला, रंगूनला. सुरुवातीला वेणू वाट बघायची, आणि ती बघायची तेव्हा प्रियदर्शिनीचे टाके कसे एकसारखे पडायचे. गेल्या आठवड्यापासून मात्र वेणूला काय झालं कोण जाणे. तिनं शिकवण्या धरल्या. सासरी फटकन उत्तरं देऊ लागली. काल तर म्हणाली, "वाट बघणं हेही कामच आहे, पण त्याला पगार नसतो."

अशी कशी बोलेल ती? त्या काळातली बाई?

आणि आणखी एक. बाही चार बोटं वाढली, पण सासूबाईंनी पान उलटलं नव्हतं.

उलट.

"फुकट वाचून दाखवते होय तुझी सासू?" प्रियदर्शिनीची आई फोनवर म्हणाली होती. "कायकू वाचते ते बघ आधी. तू अमेरिकेला गेलीस तर तिचं कोण करणार?"

तेव्हा प्रियदर्शिनी हसली होती. आता एकेक आठवू लागलं. फोन वाजला की हल्ली सासूबाईच आधी उठायच्या, गुडघे धरत का होईना. व्हिसाचं काय झालं, हे त्यांनी विचारणंच सोडलं होतं. शाळेचं ऐकल्यावर मात्र म्हणाल्या, "जवळ आहे. चालत जाता येईल."

सून इथंच राहावी. घर सांभाळावं, वर पगारही आणावा. आणि हे सगळं त्या वेणूच्या तोंडून.

सुलट.

शुक्रवारी दुपारी सावित्रीबाई न्हाणीघरात गेल्या. प्रियदर्शिनीनं पुस्तक उघडलं. खूण होती ते पान काढलं, ओळीखाली सुई धरली आणि बालवाडीतल्या पोरासारखं अक्षर अक्षर लावत वाचलं.

बोट धक्क्याला लागली होती. वेणूचा नवरा उतरत होता. वेणू तबक घेऊन दारात उभी होती.

तिनं पुढची पानं चाळली. हेडमास्तर नव्हते. शाळा नव्हती. शिकवण्या नव्हत्या. नवरा होता, दर पानावर होता, जेवत होता, हसत होता, वेणूला रंगूनच्या गमती सांगत होता.

उलट.

सावित्रीबाई केस पुशीत बाहेर आल्या तेव्हा सून चपला घालून दारात उभी होती.

"शाळेत जाऊन येते. नाही म्हणून सांगते त्यांना."

"आत्ता? थांब, दोन पानं वाचू, मग जा."

"कुठली पानं, आई? पुस्तकातली, की तुमची?"

सावित्रीबाईंचा पंचा हातातच राहिला.

"मी वाचलं," प्रियदर्शिनी म्हणाली. "सावकाश वाचलं, पण वाचलं. वेणू कुठे नोकरी करते दाखवा मला. तुम्हाला मला जाऊच द्यायचं नाही. सरळ सांगायचं होतं. गोष्टी कशाला रचायच्या?"

"नाही म्हणू नकोस त्यांना."

"का?"

सावित्रीबाई खाली बसल्या. स्वेटर टोपलीतून अर्धा बाहेर आला होता. तो त्यांनी आत सारला, जसं झाकायची वस्तू झाकतात.

"मागच्या आठवड्यात सोमवारी तू लोकर आणायला गेली होतीस, तेव्हा मंदारचा फोन आला होता. तिथं त्यानं दुसरं घर केलंय. पोर व्हायचंय त्यांना. तुझ्या व्हिसाचा कागद त्यानं कधी भरलाच नाही. म्हणाला, तूच सांग तिला."

खाली गल्लीत ऑटोवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. प्रियदर्शिनी उंबऱ्याशी तशीच उभी राहिली, एक पाय आत, एक बाहेर.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते. त्याच दुपारी. तू आलीस, सुया घेऊन बसलीस, म्हणालीस, वाचा." सावित्रीबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं नाही. "आणि नेमकं त्याच पानावर वेणूचा नवरा परत येत होता गं. तेवढं मला तुझ्यासमोर वाचवेना."