पिंपामागचे गमबूट

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी गाईचा मागचा पाय उचलून खुरामागची लालभडक जखम दाखवली. “हाच रोग पलीकडे तुमच्या मुलाच्या गोठ्यातही आहे. शेणाने भरलेल्या बुटांतून पसरतो. इथून तिकडे कोण जातं?” म्हातारा उसळला, “वाटण्या झाल्यापासून बोलणं बंद आहे आमचं! या घरातलं कुत्रंसुद्धा तिकडे फिरकत नाही.” बोलता बोलता त्याने दाराशी काढलेले गमबूट पायानेच पिंपामागे सारले. मग त्याने गाईचं दावं सोडलं, पुन्हा बांधलं. मनात म्हणाला, पलीकडे पोरगं उन्हं वर आल्याशिवाय उठत नाही, तोवर मुक्या जनावरांनी काय शेणातच उभं राहायचं? बाई गेल्या. म्हातारीने टबात औषधाचं पाणी केलं, पिंपामागून गमबूट ओढून त्यात बुचकळले आणि खसाखसा घासले. “पोरगं जागंच असतं हो,” ती म्हणाली. “काल म्हणत होतं, ‘बाबांना सांग, शेण काढायला येताना बूट धुऊन या.’”